कागदावर जमलं, उशीवर फसलं

घरात जरा शोधलंत तर कुठे ना कुठे लेस सापडेल. परकराच्या खालच्या कडेला, टीपॉयवरच्या रुमालाला, नाहीतर एखाद्या जुन्या अभ्र्याला. ती बहुतेक मशीनची असते, आणि हाताची असली तर बहुतेक क्रोशाची. आज मी ज्या लेसबद्दल लिहिणार आहे ती या दोन्हींहून वेगळी. तिला म्हणतात बॉबिन लेस.

माझ्या पीएचडीचा विषय आहे आवर्ती आलेख, म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा ठेवून बनणारी ठिपक्यांची आणि रेघांची जाळी. या विषयाचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे ही लेस. शिवाय हिने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. तेही सांगते, कारण त्यातच आजचा मुख्य मुद्दा आहे.

प्रश्न दिसायला सोपा आहे. कॉम्प्युटरवर तुम्ही जाळीचा एक सुंदर नमुना काढलात. तो दोऱ्याने खरोखर विणता येईल का, हे विणायच्या आधी कसं ओळखायचं?

सुई नाही, गाठ नाही

बॉबिन म्हटलं की आपल्याला शिलाई मशीनमधली छोटी चकती आठवते. ही बॉबिन तशी नाही. ही लाकडाची बारीक दांडी असते, साधारण बोटभर लांबीची, आणि तिच्या मानेला दोरा गुंडाळलेला असतो. क्रोशात एक दोरा आणि एक सुई. इथे सुईच नाही, आणि दोरे मात्र डझनावारी. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बॉबिन.

समोर घट्ट भरलेली उशी. काही ठिकाणी ती पसरट असते, तर स्लोव्हेनियातल्या इद्रिया या गावात ती आपल्या बैठकीतल्या लोडासारखी गोल असते. (इद्रिया हे पाऱ्याच्या खाणीचं गाव. तिथली लेसची शाळा १८७६ साली सुरू झाली. स्लोव्हेनियातली ही कला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.) उशीवर नमुन्याचा जाड कागद लावतात. जिथे टाचणी टोचायची तिथे त्या कागदाला भोकं पाडलेली असतात. दोरे वरच्या बाजूला अडकवायचे आणि विणत विणत खाली यायचं. टाचण्या नुकताच विणलेला भाग धरून ठेवतात. पुढे गेलं की मागच्या टाचण्या काढून पुढे वापरायच्या. जाळी विणताना गाठी मारत नाहीत. टाचण्या काढल्यावर ती टिकते, कारण दोरे एकमेकांत नीट अडकलेले असतात.

कसे अडकतात? बॉबिन कायम जोडीने चालतात. एका वेळी दोन जोड्या घ्यायच्या, म्हणजे चार दोरे. डावीकडून जागांना १, २, ३, ४ असे नंबर द्या. हे नंबर जागांचे आहेत, दोऱ्यांचे नाहीत. दोरा हलला की त्याचा नंबर बदलतो. आता फक्त दोन हालचाली शिकायच्या:

फुली: मधले दोन दोरे अदलाबदल करायचे, २ नंबरचा ३ वरून न्यायचा.
पीळ: दोन्ही जोड्यांमध्ये उजवा दोरा डाव्यावरून न्यायचा, म्हणजे २ नंबरचा १ वरून आणि ४ नंबरचा ३ वरून.

बस, संपलं. फुली-पीळ केलं की विरळ टाका. फुली-पीळ-फुली केलं की कापडासारखी सरळ वीण. फुली-पीळ-फुली-पीळ केलं की दोन्ही जोड्या एकमेकींत पक्क्या बसतात. लेसमधली फुलं, पानं, जाळ्या, सगळं या दोन हालचालींतून येतं.

यातली मेख बघा. फुलीत डावा दोरा वर असतो, पिळात उजवा. त्यामुळे कुठलाही एक दोरा धरून त्याचा प्रवास बघितलात तर तो एकदा वरून, एकदा खालून, परत वरून, परत खालून असा जातो. खाटेच्या नवारीसारखा. गाठ नसताना जाळी का उसवत नाही, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

ही कला किती जुनी?

सोळाव्या शतकात ही कला व्हेनिसच्या आसपास आणि फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला, दिसू लागते. बॉबिन लेसचे नमुने असलेलं ‘ले पोम्पे’ हे पुस्तक व्हेनिसमध्ये १५५७ साली छापलं गेलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १५६१ च्या सुमारास, झुरिकमध्ये एक नमुना-पुस्तक निघालं. ते लिहिणारी बाई स्वतः ही कला शिकवायची. प्रस्तावनेत ती सांगते, की व्यापाऱ्यांमार्फत ही कला १५३६ मध्ये व्हेनिसहून तिच्या भागात आली. या बाईचं पूर्ण नाव मात्र पुस्तकात नाही. आहेत ती फक्त ‘आर. एम.’ ही आद्याक्षरं.

भारताशीही या लेसचा एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लंडन मिशनरी सोसायटीच्या लोकांनी ती नागरकोईलच्या भागात शिकवायला सुरुवात केली. तेव्हा तो भाग त्रावणकोरात होता, आज तमिळनाडूत आहे. आंध्रातल्या नरसापूरची लेस जास्त प्रसिद्ध आहे, पण ती क्रोशाची. दोन्हींची गल्लत करू नका.

जाळी म्हणजे ठिपके आणि बाण

आता दोरे क्षणभर विसरा. जिथे दोन जोड्या भेटतात तिथे कागदावर एक ठिपका द्या. भेटून झाल्यावर त्या जोड्या पुढच्या ज्या ठिपक्यांकडे जातात तिकडे बाण काढा. झाला आलेख तयार. ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच दिसेल, पण एक फरक आहे. रांगोळीतली रेघ तुम्ही कुठल्याही टोकाने काढू शकता. इथे बाणाला दिशा आहे, कारण विणकाम वरून खाली येतं आणि मागे फिरता येत नाही.

ठिपक्यावर कुठला टाका घालायचा ते वेगळं लिहून ठेवायचं. म्हणजे एकाच आलेखापासून, फक्त टाके बदलून, अगदी वेगळ्या दिसणाऱ्या जाळ्या निघतात.

जाळी मोठी असली तरी तिचा एक छोटा तुकडाच फरशीसारखा पुन्हा पुन्हा येत असतो. मग तेवढ्याच तुकड्याचा अभ्यास का करू नये? उजव्या कडेतून बाहेर जाणारा बाण डाव्या कडेतून आत आला असं समजायचं, आणि खालच्या कडेतून जाणारा वरून. कल्पनेत कागदाच्या दोन समोरासमोरच्या कडा चिकटवल्या की नळी होते, आणि नळीची दोन टोकं चिकटवली की सायकलची ट्यूब. गणितात हिला टोरस म्हणतात. लेसवरच्या शोधनिबंधांत हा शब्द सारखा भेटतो, पण घाबरायचं कारण नाही. कधीही न संपणारी जाळी एका ट्यूबवर मावते, एवढाच त्याचा अर्थ.

आता मूळ प्रश्न. कुठले आलेख विणता येतात? तीन अटी सांगते.

पहिली अट: दोन आत, दोन बाहेर

प्रत्येक ठिपक्यात बरोबर दोन जोड्या येतात आणि बरोबर दोन बाहेर पडतात. जोडी हवेतून उगवत नाही आणि हवेत विरतही नाही. ही अट सगळ्यांना लगेच सुचते.

दुसरी अट: कुणी कुणाची वाट बघत अडकू नये

एखाद्या कार्यालयात गेलात आणि कळलं, की ‘क’ दाखल्यासाठी ‘ख’ दाखला लागतो, आणि ‘ख’ साठी ‘क’. मग सुरुवात कुठून करणार? जाळीतही तसंच. ‘क’ ठिपका विणायला ‘ख’ आधी विणलेला हवा, ‘ख’ ला ‘ग’ हवा, आणि ‘ग’ ला परत तोच ‘क’ हवा, असं झालं तर तो नमुना कागदावरच राहणार. स्क्रीनवर असे बाण फार छान भोवऱ्यासारखे दिसतात. हाताला मात्र ते सुरूच करता येत नाहीत.

ट्यूबवर थोडी काळजी घ्यावी लागते. तिथे बाणांबरोबर चालत एक पूर्ण फेरी मारून तुम्ही त्याच ठिपक्यावर आलात, तर ते चालतं. कारण खऱ्या जाळीत तो पुढच्या तुकड्यातला, खाली असलेला ठिपका आहे. ट्यूबला वळसा न घालता जागच्या जागी फिरणारं चक्र मात्र नको.

तिसरी अट, जी मला सुचली नव्हती

शोधनिबंध वाचायच्या आधी आपलं आपण करून बघू, या उत्साहात मी एक प्रोग्राम लिहिला होता. वरच्या दोन अटी पाळणारे नमुने तो भराभर काढायचा. त्यातला एक मला फारच आवडला. तो घेऊन मी आमच्या गाईड मॅडमकडे गेले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “विणून बघितलास का?”

नव्हता बघितला.

मग सामान जमवलं. उशी म्हणून थर्माकोलचा जाड तुकडा, त्यावर जुनी चादर घट्ट गुंडाळून. बॉबिन म्हणून चोवीस पेन्सिली, म्हणजे बारा जोड्या. आईचा क्रोशाचा सुती दोरा आणि एक डबीभर टाचण्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीपासून डावीकडच्या ठिपक्यांना जोड्या कमी पडायला लागल्या. सुरुवातीला वाटलं माझाच टाका चुकलाय. उसवून परत केलं. परत तेच. पाचव्या ओळीपर्यंत उजवीकडे पेन्सिलींची गर्दी आणि डावीकडे नुसत्या टाचण्या.

आई शेजारी बसली होती. ती वाकून म्हणाली, “अगं, डावीकडचं संपत चाललंय तुझं. वेणी घालताना सगळे केस एकाच बाजूला ओढले की असंच होतं.”

माझा नमुना गुंतागुंतीचा होता, पण चूक अगदी साध्या उदाहरणात दाखवता येते. चौकटीचा कागद घ्या. प्रत्येक चौकात एक ठिपका द्या. प्रत्येक ठिपक्यातून एक बाण सरळ खालच्या ठिपक्याकडे काढा, आणि दुसरा तिरका, खाली-उजवीकडच्या ठिपक्याकडे. तपासा: प्रत्येक ठिपक्यात दोन बाण येतात, एक सरळ वरून आणि एक तिरका डावीकडून. दोन बाहेर जातात. जागच्या जागी फिरणारं चक्र कुठेही नाही, कारण प्रत्येक बाण खालीच जातो. दोन्ही अटी पास!

आता यातली सहा ठिपके रुंद अशी उभी पट्टी विणायला घ्या. सगळ्यात डावीकडच्या ठिपक्याला सरळ वरून एक जोडी मिळते, पण तिरक्या बाणाने येणारी दुसरी जोडी कुठून येणार? त्याच्या डावीकडे कुणीच नाही. सगळ्यात उजवीकडच्या ठिपक्यातून तिरकी निघालेली जोडी कुठे जाणार? तिच्यापुढेही कुणी नाही. दर ओळीला डावीकडे एक जोडी कमी पडते आणि उजवीकडे एक शिल्लक राहते. उजवीकडची उचलून डावीकडे आणायची म्हटलं, तर ती अख्ख्या कामावरून आडवी ओढावी लागते, आणि जाळीत नको असलेली एक आडवी रेघ उमटते.

म्हणजे तिसरी अट जमाखर्चाची आहे. एका तुकड्यापुरता हिशोब केला, तर जेवढ्या जोड्या उजवीकडे सरकतात तेवढ्याच डावीकडे परत यायला हव्यात.

ही अट तपासायची एक छान युक्ती आहे. ठिपक्यावर दोन जोड्या एकमेकींना ओलांडत नाहीत, फक्त चिकटून परत फिरतात असं समजा. डावीकडून आलेली वाट डावीकडेच बाहेर पडेल, उजवीकडून आलेली उजवीकडे. अशी एक वाट बोटाने धरून खाली या. तुकडा संपेल तेव्हा तुमचं बोट निघाल्या जागेच्या बरोबर खाली असायला हवं. ते बाजूच्या तुकड्यात गेलं असेल तर नमुना वाहतोय. वरच्या उदाहरणात करून बघा: दर दोन ओळींना बोट एक घर उजवीकडे सरकतं.

याचा उपाय मजेशीर आहे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्धं घर डावीकडे सरकवा. आता सरळ बाण डावीकडे कलला आणि तिरका बाण तेवढाच उजवीकडे. चौकटींच्या जागी शंकरपाळ्यांची जाळी आली. कोण कुणाला जोडलंय ते काहीच बदललं नाही. फक्त कलंडलेली जाळी उभी झाली. आता बोट नागमोडी फिरत बरोबर खाली येतं आणि कडेची जोडी वळून परत आत जाऊ शकते.

पन्नास लाख जाळ्या

या सगळ्या अटी काटेकोर गणिती भाषेत मांडल्या त्या व्हेरोनिका अर्व्हाइन यांनी. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात फ्रँक रस्की यांच्याबरोबर त्यांनी हे काम केलं, आणि २०१६ साली त्यांचा प्रबंध आला. त्या स्वतः लेस विणतात, आणि ते त्यांच्या कामात दिसतं. जमाखर्चाची अट उशीवर काम केलेल्या माणसाला चटकन जाणवते. माझ्यासारखीला ती आईने सांगावी लागते.

अर्व्हाइन यांनी वर सांगितलेल्या ‘चिकटून परत फिरणाऱ्या’ वाटा एकमेकींशेजारी जुळवत कॉम्प्युटरला शक्य ते सगळे नमुने शोधायला लावले. आधी छोट्या तुकड्यांचे, मग मोठ्या. एखादी जुळणी फसली की एक पाऊल मागे येऊन दुसरी करून बघायची, अशी ती पद्धत. फक्त सरकवलेले किंवा एखाद्या लहान तुकड्याची पुनरावृत्ती असलेले नमुने वेगळे मोजायचे नाहीत, हाही नियम. अशा शोधातून ५० लाखांहून जास्त वेगवेगळे नमुने मिळाले. लेसच्या जाळ्यांच्या छापील संग्रहांमध्ये साधारण १,००० आहेत. आणि असे नमुने कधी संपणारच नाहीत, ते अनंत आहेत, हेही त्यांनी सिद्ध केलं.

हा आकडा वाचून मला पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं होतं, खरं सांगते. जवळजवळ पाचशे वर्षं इतक्या बायकांनी हात झिजवून जे १,००० गोळा केले, त्याच्या पाच हजार पट मशीनने काढून दाखवले? पण दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. १,००० म्हणजे कुणीतरी विणलेल्या, आवडलेल्या आणि जपून ठेवलेल्या जाळ्या. ५० लाख म्हणजे विणता येतील अशा जाळ्या. त्यातल्या बहुतेक अगदी साधारण दिसतात. पन्नास लाखांतून काढायचं काय, हा मग नवा प्रश्न झाला. अर्व्हाइन यांनी त्यासाठी सममितीचा आधार घेतला. सपाट पृष्ठभागावर पुनरावृत्त होणाऱ्या नक्ष्यांचे सममितीनुसार १७ प्रकार होतात, आणि प्रत्येक प्रकारात बसणारी एक तरी लेसची जाळी असते, हे त्यांनी नमुने काढूनच दाखवलं.

आज सॉफ्टवेअर काय करतं?

तुम्हाला खेळून बघायचं असेल तर ग्राउंडफोर्ज नावाचं फुकट, ब्राउझरमध्ये चालणारं साधन आहे. त्यात जोड्यांची जाळी निवडायची आणि प्रत्येक ठिपक्यावर टाका अक्षरांत लिहायचा: फुलीसाठी सी, पिळासाठी टी. मग ते प्रत्येक दोरा कुठून कुठे, कशावरून आणि कशाखालून जातो याचं चित्र काढून देतं. टाक्यांना रंग देण्याची बेल्जियन पद्धतही माहीत असू द्या: कापडी विणीला जांभळा, विरळ टाक्याला हिरवा, दुहेरी फुली-पिळाला लाल. रंगीत आराखडा बघितला की भाषा न येणाऱ्यालाही काय करायचं ते कळतं.

चित्रं काढण्याच्या इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरसाठी अर्व्हाइन यांनी जोड-प्रोग्रामही लिहिलेत. एक छोटा तुकडा दिला की हव्या त्या मापाची जाळी, किंवा रुमालासाठी गोल फिरणारी जाळी, तो आखून देतो. टाचण्यांमधलं अंतर आणि जाळीचा कोन तुम्ही ठरवायचा.

ते ठरवणं मात्र सॉफ्टवेअरला जमत नाही. दोरा किती जाड आहे, सुती आहे की रेशमी, तुम्ही किती ओढून विणता, यावर टाचण्यांचं अंतर अवलंबून असतं. जाड दोऱ्याला जवळ टाचण्या दिल्या तर जाळी ठोकळ्यासारखी होते, बारीक दोऱ्याला लांब दिल्या तर लोंबते. आलेखाला यातलं काहीच कळत नाही. तीन अटी पाळल्या की नमुना विणता येतो, एवढीच खात्री मिळते. तो चांगला दिसेल याची खात्री नाही. त्यासाठी इंचभर नमुना विणूनच बघावा लागतो.

माझ्या प्रोग्राममध्ये आता तिसरी अट आहे. पहिल्यांदा ती घालून चालवला, तेव्हा मला आवडलेले बरेचसे नमुने गळून पडले. जे उरले त्यातला एक मी त्या पेन्सिलींवरच विणला. बारा जोड्या घेऊन सुरू केला आणि शेवटी बारा जोड्याच हातात राहिल्या. पट्टी जेमतेम चार इंचांची, कडा वाकड्या. मॅडमना दाखवली तर त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, “आता प्रकरण लिहायला घे.”

तुम्हाला करून बघायचं असेल तर चोवीस पेन्सिली लागत नाहीत. चार दोरे एका सेफ्टी पिनेला अडकवा, पिन उशीला टोचा, आणि फुली-पीळ, फुली-पीळ करत वीतभर जा. मग एकच दोरा निवडून तो वरून-खालून कसा जातो ते बोटाने बघत या. आणि कुठे सलग दोनदा वरून गेलेला दिसला, तर समजा तिथे तुमचा टाका चुकलाय.